नानांची मूठ

खांबावर चढायच्या आधी नाना फोनवर एका भाजीचं नाव सांगायचे. "ताई, आज दोडका," एवढंच म्हणायचे आणि फोन ठेवायचे. काम संपवून खाली उतरले की पुन्हा फोन करायचे आणि पुन्हा दोडका म्हणायचे. तो शब्द त्यांच्याच आवाजात कानावर पडल्याशिवाय मी लाईन चालू करायची नाही, असं आमचं ठरलं होतं. ठरवलं होतं त्यांनीच. मी नवीन होते, मी फक्त मान हलवली होती.

जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सबस्टेशन होतं. आयटीआय करून मी तिथे ऑपरेटर म्हणून लागले होते. डोंगरातल्या गावांना जाणारी अकरा हजार व्होल्टची लाईन माझ्या समोरच्या पॅनेलवरून चालू-बंद व्हायची. कुठे बिघाड झाला की वायरमन फोन करून परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, मागायचा. मी लाईन बंद करायचे, तो खांबावर चढायचा आणि काम झाल्याचं त्यानं कळवलं की मी लाईन चालू करायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण कुठल्या तरी लांबच्या, मला न दिसणाऱ्या खांबावर एक माणूस उघड्या तारेला हात लावून बसलेला असायचा आणि त्याच्या-माझ्या मध्ये फक्त एक हँडल असायचं. पहिले कित्येक आठवडे ते हँडल फिरवताना माझा हात थरथरायचा. घरी आल्यावर भाकरी थापतानासुद्धा आपण ते बंदच ठेवलं होतं ना, असं मनात यायचं आणि मी पुढच्या पाळीवाल्याला फोन करायचे.

नाना आमच्याकडचे सगळ्यात जुने वायरमन. अंगानं वाळके, खांद्यात वाकलेले, भर उन्हाळ्यातही कानाला मफलर. आणि उजव्या हातात चेंडू. जेवायला बसले की तेवढा तो बाजूला ठेवायचे. एरवी बोलताना, चालताना, मोटारसायकलवर मागे बसलेले असताना त्यांची मूठ चेंडूभोवती मिटायची आणि हळूहळू उघडायची. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा कसला तरी जप करतोय.

तो चेंडू मंचरच्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेला. निळा, मऊ, कंपनीवाले टेबलावर ठेवायला वाटतात तसला. खोक्यावर स्ट्रेस बॉल असं छापलेलं होतं. मनावरचा ताण कमी होतो आणि हातालाही व्यायाम होतो, असं बाईंनी सांगितलं होतं. नानांनी महिन्याभरात त्याचा भुगा केला. मग जुन्नरच्या बाजारातून पोरांचे स्पंजचे चेंडू आणले, तेही टिकेनात. सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून त्यांनी एक गोळा केला, त्याचा वास हाताला राहायचा म्हणून काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तो फेकून दिला. टोमॅटोचा हंगाम असला की मळ्यात काम करून येताना ते टाकून दिलेले हिरवे टोमॅटो खिशात भरून आणायचे आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून एकेक दाबत राहायचे. एकदा त्यातला एक फुटला आणि पिचकारी थेट आमच्या साहेबांच्या शर्टावर गेली. साहेब म्हणजे आमचे इंजिनीअर, वयानं लहान, स्वभावानं बरा माणूस. त्यांनी रुमालानं बिया पुसल्या आणि कामाचं बोलायला लागले. नानांच्या हाताला कुणीच काही बोलत नसे.

त्या हाताची हकीगत मला काकूंनी सांगितली. नाना स्वतः कधी तो विषय काढत नसत. मी नोकरीला लागण्याच्या बऱ्याच आधी एका लाईनवर दोन ठिकाणी कामं चालली होती. दोन्हीकडच्या वायरमनचं पहिलं नाव एकच. दुसऱ्याचं काम आधी उरकलं, त्यानं फोन करून सांगितलं की माझं झालं, आणि तेव्हाच्या ऑपरेटरला वाटलं की त्या नावाचा एकच माणूस लाईनवर आहे. त्यानं लाईन चालू केली. नानांचा उजवा हात तारेवर होता. पट्टा बांधलेला म्हणून ते खाली पडले नाहीत, तसेच लोंबकळत राहिले. हात वाचला, पण बोटं आत वळून बसली ती बसलीच. चमचा धरता येईना, सदऱ्याचं बटण लावता येईना. काकू सांगत होत्या, तेव्हा नाना झोपेत ओरडायचे नाहीत की काही नाही, नुसते उठून बसायचे आणि दिवा चालू आहे का बंद आहे ते बघायचे.

मग चेंडू आला. धरायचं, थोडं थांबायचं, सोडायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. वर्षभरानंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि दाबा म्हणाले. नानांनी अशी दाबली की डॉक्टरांनीच हात ओढून घेतला. कामावर घ्यायला हरकत नाही, असा शेरा मिळाला. ऑफिसात बसायचं काम देऊ म्हणून साहेब लोक सांगत होते, पण नाना पुन्हा खांबावर गेले.

असं का केलंत, म्हणून मी एकदा विचारलं होतं. 

"खाली बसून वाट बघायची म्हंजी जास्त भ्या, ताई," ते म्हणाले. "वर असल्यावर निदान कळतं तरी, काय व्हतंय ते."

मी खालीच बसणारी होते. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक नारिंगी चेंडू आणून ठेवला. मला राग आला. माझा हात काही मोडलेला नव्हता. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. पण पुढच्या परमिटला फोनची वाट बघत बसले असताना तो केव्हा बाहेर काढला, ते मला कळलंसुद्धा नाही. हातातली थरथर त्या चेंडूत जिरायची. भीती कमी व्हायची असं नाही, पण हँडल धरायच्या वेळी बोटं माझ्या ताब्यात असायची.

नानांना कशाकशाची भीती वाटायची, ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. उसाच्या कडेनं जाताना सगळे बिबट्याला घाबरायचे आणि मोठ्यानं बोलत चालायचे. नाना बिबट्याला घाबरायचे नाहीत, पण उसात कुणी मोटार लावली असेल तिच्या वायरीला घाबरायचे. दाराची कडी, नळ, एसटीचा दांडा, कुठल्याही धातूच्या वस्तूला ते आधी हाताची पालथी बाजू लावून बघायचे. चहाच्या स्टीलच्या पेल्यालासुद्धा. लोक हसायचे. नाना मनावर घ्यायचे नाहीत. तळव्यानं धरलं आणि करंट असला तर मूठ मिटते, मिटलेली सुटत नाही, हे ते प्रत्येकाला पुन्हा नव्यानं समजावून सांगायचे. लग्नात आहेर म्हणून त्यांनी एका पुतण्याला टेस्टर दिला होता.

भाजीच्या नावाचा तर सगळ्या कार्यालयात विनोद झाला होता. बाकीचे वायरमन फोन करून मुद्दाम विचारायचे, ताई, आज नानांनी काय शिजवलंय. आणि खरं सांगायचं तर त्या नियमाचा त्रासच जास्त व्हायचा. एकदा चढताना नाना घेवडा म्हणाले आणि उतरल्यावर म्हणाले वाल. मी म्हटलं, नाना, शब्द चुकला. मग म्हणाले, पावटा? मी म्हटलं, तेही नाही. मला त्यांचा आवाज ओळखू येत होता, काम झालंय हेही कळत होतं, पण त्यांनीच घालून दिलेला नियम होता. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मीच येतो," आणि डोंगरातून मोटारसायकलवर सबस्टेशनला आले, माझ्यासमोर उभे राहिले, तेव्हा मी लाईन चालू केली. तोवर चार गावं आमच्या नावानं बोटं मोडत होती. नाना मात्र खूष होते. मी त्यांचं ऐकलं नाही, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की जाताना त्यांनी मला पेरू दिले.

त्यानंतर श्रावणातली ती दुपार आली.

घाटघरकडे धुकं उतरलं की दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. त्यात वारा आणि बारीक पाऊस. एका खांबावरची, तार धरून ठेवणारी चिनी मातीची पिन फुटली आणि लाईन गेली. नाना आणि एक कंत्राटी वायरमन असे दोघं गेले. तो चाळिशीचा, कामाला चलाख, पण घाईचा माणूस. खांबापाशी मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून नानांनी अलीकडच्या टेकाडावरूनच परमिट घेतलं.

"ताई, शेपू," ते म्हणाले. आवाज वाऱ्यात तुटत होता.

मी लाईन बंद केली आणि बसून राहिले. अशा कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा होऊन गेला. त्यापुढे आणखी तेवढाच गेला. मग फोन वाजला. नंबर त्या कंत्राटी वायरमनचा होता. काम झालं, चुकून करंट आला तर तो जमिनीत जावा म्हणून तारेला लावलेलं अर्थिंग काढलं, लाईन चालू करा, असं तो म्हणाला.

नाना कुठायत, मी विचारलं. उतरतायत मागून, तो म्हणाला. त्यांना फोन द्या म्हटलं, तर तो वैतागला. ते खाली खांबापाशी आहेत, मी रेंजसाठी टेकाडावर आलोय, तिथून इथं यायला त्यांना वेळ लागेल, नानांनीच वरून काम झाल्याचं सांगितलंय, मी खोटं बोलतोय का, असं सगळं तो एका दमात बोलला. तो खोटं बोलत नव्हता, हे मला आवाजावरून कळत होतं. तरी मी म्हटलं, त्यांना घेऊन या, मला त्यांच्याशी बोलायचंय. त्यानं फोन आपटला.

त्याच सुमारास फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. डोंगरातल्याच एका वस्तीवरचा. अंगावर इरलं नाही, छत्री नाही, नखशिखांत भिजलेला. त्याच्या वडलांना दम्याचा जुना आजार होता, घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं आणि ते विजेवर चालायचं. सिलिंडर होता तो संपत आला होता. हे सगळं त्यानं हळू आवाजात सांगितलं आणि हात जोडून उभा राहिला. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

मग साहेबांचा फोन आला. कंत्राटी वायरमननं त्यांना कळवलं होतं. काम झालेलं असताना लाईन का अडवलीय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नानांचा शब्द आला नाही, आणि फाटकाशी आलेल्या माणसाचंही सांगितलं.

"तुमच्या त्या भाज्यांसाठी एखाद्याचा जीव जाईल, कळतंय का?" साहेब म्हणाले.

मला कळत होतं. दोन्ही बाजूंनी कळत होतं. समोर एक मुलगा बापासाठी हात जोडून उभा होता आणि पलीकडे धुक्यात काय आहे ते मला दिसत नव्हतं. कदाचित नाना शांतपणे बिडी ओढत टेकाड चढत असतील. कदाचित शब्द विसरले असतील. माझ्या डाव्या मुठीतला चेंडू मी इतका आवळला होता की खांद्यापर्यंत कळ गेली होती. मला वाटलं, हँडल फिरवावं आणि हे सगळं एकदाचं संपावं. तो क्षण मला अजून आठवतो, कारण तेव्हा मला कुणाचीच काळजी वाटत नव्हती. फक्त ती भीती संपायला हवी होती.

"नाही साहेब," मी म्हटलं. "पेशंटला गाडी पाठवा. लाईन मी देणार नाही."

मग साहेब म्हणाले, ठीक आहे, मी जीप पाठवतो. त्यांनी खरंच पाठवली. तो भिजलेला माणूस जीपमध्ये बसून गेला आणि त्याच्या वडलांना जुन्नरला दवाखान्यात आणलं. ते वाचले. पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी जीप वळणावर दिसेनाशी झाली आणि मी पुन्हा फोनकडे बघत बसले.

नाना खांबावरच होते.

काम संपवून त्यांनी हत्यारं दोरीनं खाली सोडली होती, झालं म्हणून हाक दिली होती आणि उतरायला म्हणून पाय खाली टाकला होता. उजव्या हातानं आडव्या लोखंडी पट्टीला धरलेलं. ती मूठ उघडेना. गारठ्यानं बोटं मिटली ती मिटलीच. वर्षभर चेंडू दाबून त्यांनी पकड कमावली होती, पण सोडायची ताकद तितकीशी आली नव्हती. थंडीच्या सकाळी काकू कोमट पाण्यात हात धरून एकेक बोट सोडवून द्यायच्या, हे त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी फक्त दाबायला सांगितलं होतं. सोडून दाखवा, असं कुणी म्हटलं नव्हतं.

खालचा वायरमन अर्थिंग काढून धुक्यात निघून गेला होता. नानांनी हाका मारल्या, त्या वाऱ्यात गेल्या. तार त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती.

माझा निरोप घेऊन तो कंत्राटी वायरमन चरफडत परत आला आणि खांबाखाली उभं राहून त्यानं वर बघितलं, तेव्हा त्याला नानांचे पाय दिसले. पुढे त्यानं काय केलं ते तो नंतर सगळ्यांना सांगायचा. तो वर चढला, नानांचा हात आपल्या काखेत धरून गरम केला आणि त्यांची बोटं एकेक करून उघडली.

माझा फोन वाजला तेव्हा आधी नुसता वारा ऐकू आला. मग नाना म्हणाले, "ताई, शेपू."

मी हँडलकडे हात नेला आणि माझा हात पुढे जाईना. मी म्हटलं, नाना, पुन्हा म्हणा. ते पुन्हा म्हणाले. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. ते न चिडता, एखाद्या पोराला शिकवावं तसं, सावकाश म्हणत राहिले.

संध्याकाळी ते सबस्टेशनला आले. कपडे ओले, हातावर जुना टॉवेल गुंडाळलेला. मी चहा ठेवला. आभार वगैरे मानायची त्यांची पद्धत नव्हती आणि मीही ती अपेक्षा केली नव्हती. पेला दोन्ही तळव्यांत धरून ते वाफेकडे बघत बसले.

"वर व्हतो तवा तारेचं भ्या न्हाई वाटलं," ते म्हणाले. "तुमी कंटाळाल, याचं लई वाटलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः साहेबांना हाताचं सांगितलं. खांब सुटला. नोकरीचे राहिलेले महिने त्यांनी माझ्या खोलीत एका खुर्चीवर काढले. त्यांनी एकदा म्हटलं होतं ते खरंच होतं, खाली बसणं त्यांना जास्त जड गेलं. कुठल्याही वायरमनचा फोन आला की ते उठून उभे राहायचे आणि त्याचं काम होईपर्यंत बसायचे नाहीत. मी कितीदा सांगून बघितलं. शेवटी मीही उभं राहून परमिट द्यायला लागले. ते उभे असताना मला बसवत नसे.

निवृत्त होऊन ते आपल्या गावी, लोणीला गेले. आंबेगावचा तो पूर्वेकडचा भाग, कोरडा, उन्हाचा. दोन वर्षांनी माझी बदली झाली आणि त्या बाजूला काम निघालं, तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन आले. चैत्रातली दुपार होती. नाना पडवीत बाजेवर बसले होते. अजून वाळले होते. उशाशी आठवडे बाजारातून आणलेले रंगीत चेंडू एका टोपलीत होते आणि काकू म्हणाल्या की आता ते दाबतात कमी, नुसते हातात धरून बसतात.

आम्ही बोललो. आता ती लाईन कोण बघतं, तो घाईचा वायरमन कसा आहे, साहेबांना मूल झालं का. पण बोलताना नानांचं लक्ष सारखं वर, डोक्यावरच्या पंख्याकडे जात होतं. पंखा सावकाश फिरत होता. घरातल्या एकाही बटणाला ते हात लावत नाहीत, असं काकूंनी मला आत पाणी देताना सांगितलं. दिवा लावायचा असला तर हाक मारतात. आणि दिवस असो की रात्र, डोळ्याला डोळा लागत नाही.

मी परत येऊन बसले आणि थोड्या वेळानं लाईट गेली. पंखा मंद होत होत थांबला. शेजारी कुणीतरी वैतागून वीज कंपनीचा उद्धार केला. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात काकूंनी ओठावर बोट ठेवलं. नाना बाजेवर आडवे झाले होते. मी बघते तोवर त्यांचा श्वास लांब आणि एकसारखा झाला होता.

"लाईट गेली की झोपत्यात," काकू अगदी हळू म्हणाल्या. "आता यीस्तोवर."

मी आणि काकू घामानं निथळत, हालचाल न करता बसून राहिलो. बाहेर रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तेव्हा दोघींनीही श्वास रोखला. लाईट लवकर येऊ नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

मग पंख्याचं पातं हललं. नानांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत विचारलं, "वर कोण हाये?"

"कोणी नाही, नाना," मी म्हटलं. "सगळे खाली उतरलेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही. खरंच सगळे उतरलेत का, हे मला अर्थातच माहीत नव्हतं.